शकुनबाईच्या सात शेळ्या

मी बोलून पोट भरणारा माणूस. लग्न असो, साक्षगंध असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, लाखनीच्या आसपास "सर्व पाहुणे मंडळींना विनंती आहे" असा आवाज कानावर आला तर तो बहुतेक माझाच, म्हणजे भूपेंद्रचा, असतो. आवाज माझा, पण तो ज्या कॉर्डलेस माईकमधून जातो तो पंधरा वर्षं जिवंत ठेवला गोपीचंद सेलोकरांनी. मी त्यांना काकाजी म्हणतो. त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, कारण त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूसही मीच आहे.

हायवेला लागून टायरवाल्याच्या शेजारी त्यांचं टिनाचं दुकान, आणि दुकानाच्या मागे घर. माईक हातात आला की काकाजी आधी काही विचारत नाहीत, सरळ उघडतात. बॅटरीच्या खोबणीत हळदीचे तांदूळ निघाले की म्हणतात, "हा लग्नातला." जाळीत गुलाल असला तर मिरवणुकीतला. खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा, भुगा असला तर म्हणतात, "भाषणातला. बोलणाऱ्यानं थुकायलेबी उसंत नाही घेतली." मग जाळी कोमट साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासायची आणि उन्हात ठेवायची. आतला स्पंज बदलायचा. हिरवी पडलेली बॅटरीची स्प्रिंग लिंबाने चोळून लख्ख करायची. नवीन माईक घ्या असं सांगणारी दुकानं भंडाऱ्यात पुष्कळ आहेत. जुना चालेल असं सांगणारे हे एकटेच.

माईक दुरुस्त झाला की तो तपासायची त्यांची तऱ्हा वेगळी. हॅलो हॅलो नाही, फुंकर नाही, टिचकी तर नाहीच. मी एकदा टिचकी मारली तर म्हणाले, "कोनी तुह्या टकुऱ्यावर टिचकी मारून तब्येत विचारली तं चालन का गा?" ते माईक तोंडासमोर धरायचे आणि सावकाश म्हणायचे, "शकुनबाईच्या शेतात सात शेळ्या शिरल्या." ही शकुनबाई कोण, ते त्यांनाही ठाऊक नाही. पण माईक मळला की सगळ्यात आधी 'स' आणि 'श' जातात, म्हणून हे वाक्य. शकुनबाईच्या साती शेळ्या स्पष्ट ऐकू आल्या तरच माईक दुकानाबाहेर जायचा. काकाजींची सगळी इभ्रत त्या सात शेळ्यांवर उभी होती.

तपासायचा स्पीकर मात्र दुकानात नव्हता, आत स्वयंपाकघरात होता. काकाजींनी वाक्य म्हटलं की आतून पोळपाटावर लाटण्याचा ठोका यायचा. एक ठोका आला की काकाजी माईक पिशवीत घालायचे. दोन आले की "जरासं राहिलं वाटते" म्हणून परत स्क्रू काढायचे. मला वाटायचं ठोके चहाचे आहेत. एक म्हणजे चहा झाला, दोन म्हणजे दूध नाही. त्या समजुतीवर मी तीन वर्षं चहाची वाट पाहिली, आणि काकाजींच्या बायको कुंताकाकू स्वभावाने चांगल्या म्हणून तो मिळालाही.

यंदा दसऱ्याला मी माझ्या माईकची पूजा केली. हत्यारांची पूजा करतात, माझं हत्यार हेच. ओलं हळदकुंकू केलं आणि भक्तिभावाने माईकच्या बरोबर डोक्यावर, जाळीवर, बोटभर टिळा लावला. असं करू नको म्हणून काकाजी दरवर्षी सांगतात. "लावाच लागते तं खाली दांड्याले लाव ना!" पण देवाला पायाला कुंकू लावून कसं चालेल, असं मला वाटलं. दोन दिवसांत माईक मुका झाला. काकाजींनी चार शिव्या दिल्या, धुऊन पुसून परत केला. त्या दिवशी ठोका आला नव्हता. कुंताकाकू कारध्याला गेल्या होत्या. मुलीचं, रिताचं, दुसरं बाळंतपण होतं आणि सव्वा महिना त्या तिकडेच राहणार होत्या.

तुळशीचं लग्न झालं आणि अड्याळला माझं हंगामातलं पहिलं लग्न लागलं. मांडवात माईक घेतला आणि माझ्याच आवाजाने मी चरकलो. आवाज येत होता, पण घोंगडीखालून आल्यासारखा. 'स' नाही, 'श' नाही. वराच्या मामांचं स्वागत केलं तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बिचाऱ्याचे दात पडले वाटते." सगळा मांडव हसला. मी लग्न कसंबसं आटोपलं आणि तडक लाखनी गाठली.

"काकाजी, हे काय करून ठेवलं? लोक हसून राहिले ना मले!"

"माईक बरोबर आहे," ते म्हणाले. "मी सोता पाह्यला."

"मंग बोलून दाखवा."

मी आतला स्पीकर उचलून दुकानात आणला आणि लावला. काकाजींनी माईक धरला. शेळ्यांचं वाक्य म्हटलं. एकही शेळी धड बाहेर आली नाही. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "आयकलं? साफ आहे."

मी भांडायला आलो होतो, ते विसरलो. काकाजी थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच ते साफ वाटत होतं. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा, कारण त्यांनी माईक हळूच खाली ठेवला.

"तीन वर्सं झाले," ते म्हणाले. "कुकरची शिटी आयकू येत नाही मले. बोलनं समजते, पन बारीक आवाज गेले. कोनाले सांगतलं नाही. तिलेबी नाही. पन एक दिवस तिनंच स्पीकर उचलला अन् आत नेला. काहून नेला, मी विचारलं नाही. तिनं सांगतलं नाही. मंग ठोके सुरू झाले."

मला माझ्या चहाच्या हिशेबाची लाज वाटली.

"आता बस झालं," ते म्हणाले. "ज्याले आयकू येत नाही त्यानं माईक कायले उघडाव? उद्यापासून पंखे अन् इस्त्र्या."

ते बोलल्याप्रमाणेच वागले. दुसऱ्या दिवशी टेबलावरचे चार माईक त्यांनी ज्याचे त्याला परत पाठवले. एक पंखा उघडून बसले होते, पण हात चालत नव्हता. मला ते बघवेना. मी टायरवाल्याच्या ओट्यावर जाऊन कुंताकाकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "सव्वा महिना परवा सरते. परवा येतो."

काकू आल्या त्या हातातली पिशवीही खाली न ठेवता दुकानात शिरल्या. स्पीकर मी ठेवला होता तिथेच, टेबलावर होता. त्यांनी तो पुसला, आतून स्वतःचं स्टूल आणलं आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं समोर मांडून त्यावर बसल्या.

"अवं, लोक पाहतीन ना," काकाजी कुजबुजले.

"पाहू द्या! डोळ्याले चष्मा लावला तवा नाही लाजले तुमी, अन् कानाले बायको लावली तं लाजता?"

टायरवाला हसला. मीही हसलो, आणि डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला पिशवीतून माझा माईक काढून पुढे केला. काकाजींनी तो घेतला नाही. मग काकूंनी नुसतं पाहिलं, आणि त्यांनी घेतला.

"शकुनबाईच्या शेतात सात शेळ्या शिरल्या."

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. "एकबी नाही आली," त्या म्हणाल्या. "खोला."

काकाजींनी माईक पार आतपर्यंत खोलला. जाळी स्वच्छ होती, स्पंज नवा होता. पण आवाज पकडणारी जी बारीक चकती असते तिच्यावर कुंकवाचं पाणी झिरपून वाळलं होतं, लालसर पापुद्रा धरला होता. काकाजींनी तो मला दाखवला. मला चार शिव्याच बऱ्या वाटल्या असत्या. त्यांनी चकती बदलली. परत शेळ्या झाल्या.

"पाच आल्या."

काकाजींनी जोडणी परत तपासली, चकती नीट बसवली. आता दुकानासमोर चार माणसं उभी होती. त्यांनी तिसऱ्यांदा वाक्य म्हटलं. या वेळी त्यांनी स्पीकरकडे कान लावलाच नाही. ते सरळ काकूंच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि काकूंच्या गालावर हसू आलेलं, त्या बोलण्याआधीच, त्यांना दिसलं.

"साती आल्या," काकू म्हणाल्या, आणि काकाजींनी शेवटचा स्क्रू आवळला.