शिवशरणची गलबतं

सास्तूरचा शिवशरण महायुद्ध चालू असताना घरात न सांगता निजामाच्या हद्दीबाहेर पळाला आणि मुंबईला जाऊन इंग्रजांच्या आरमारात भटारखान्यात लागला. शेहेचाळीस साली परतला तो बापाच्या किराणा दुकानात बसायला. येताना त्यानं आणला एक खेळ, जहाजावरच्या एका मालवणी खलाशानं शिकवलेला.

तरटावर निळीनं चौकोन आखायचे. दोन लाकडी गलबतं, शिडांच्या जुन्या जमान्यातली, दोन्हींवर काड्यांच्या तीन-तीन डोलकाठ्या. वारा कुठून येतोय ते एक बाण ठेवून ठरवायचं. वाऱ्याच्या तोंडावर गलबत जात नाही. तोफा कुशीला, म्हणून शत्रूकडं कूस वळवल्याशिवाय मारा होत नाही. कवड्या टाकायच्या, मारा लागला की समोरच्याची एक काठी उपटायची. तिन्ही गेल्या की तो हरला.

गावात खेळायला सवड कुणाला? म्हणून त्यानं बायकोला, पार्वतम्माला शिकवलं. लग्न झाल्या झाल्या तो पळालेला. परतल्यावर तिच्याशी काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं. पण दुपारी दुकान बंद करून दोघं तरटाशी बसले की तिला कंठ फुटायचा.

"वारं इसरलात बगा तुमी! आता पळा कुठं पळताव ते!" म्हणत ती त्याची काठी उपटायची. तोही हसायचा.

एका दुपारी त्याचा मित्र उत्तरेश्वर घरी आला, तेव्हा पार्वतम्मानं नुकतीच तिसरी काठी काढली होती. संध्याकाळी दुकानात चार माणसांपुढं उत्तरेश्वर म्हणाला, "जर्मनाला भ्याला न्हाय गडी, पर बायकूनं बुडवला की रं!" सगळे खो खो हसले.

शिवशरण घरी आला आणि तरट गुंडाळू लागला.

"कुठं नेताव?" पार्वतम्मानं विचारलं.

"दुकानात. बाईमाणसाचं काम न्हाय हे."

"म्या काय चुकीचं केलं?"

तो तरट काखेत मारून निघून गेला.

दुकानात त्यानं उत्तरेश्वरला शिकवलं. त्याला वाऱ्याचा नियमच पटेना. भांडून भांडून दोघांनी नाद सोडला.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं सगळं घर सोलापूरकडं पाहुण्यांत राहिलं. पोलीस ॲक्शननंतर परतले, तर दुकान लुटलेलं. तरट आणि गलबतं तेवढी कोपऱ्यात पडली होती. शिवशरणनं ती झटकून घरी आणली.

"बस की. खेळू."

पार्वतम्मा पदर सावरून बसली. "कुठं ठिवू?"

"तुला येतंय की सगळं."

"तुमी सांगा. सांगताल तिथं ठिवते."

त्यानं मुद्दाम आपलं गलबत तिच्या तोफांपुढं नेलं. तिनं कवड्यांना हात लावला नाही. तो म्हणाला तिथं गलबत सरकवत राहिली, शेवटी तिच्या तिन्ही काठ्या त्याच्या हातात आल्या. "झालं न्हवं?" म्हणून ती भाकरी थापायला उठली.

पुढं सुना-नातवंडं आली, दुकान पुन्हा उभं राहिलं. पार्वतम्मा त्याला कशात कमी पडली नाही, पण मान वर करून त्याला चिडवलं असं परत कधी झालं नाही. ती गेल्यावर म्हातारा शिवशरण उत्तरेश्वरजवळ एवढंच म्हणाला, "तू हसलास तवा म्याबी हसायचं हुतं रं. म्हणायचं हुतं, व्हय, बुडवलं."