बाबांनी जाड ठेवलेला दात

त्या दिवशी मी गप्प का बसले? महिना होत आला, उत्तर सापडलेलं नाही... सापडेल असंही वाटत नाही.

नवी मुंबईत पावण्याला, एमआयडीसीत आमचं छोटं गॅरेज आहे. बाबा जुन्या क्लासिक गाड्यांच्या दारांची लॅचेस दुरुस्त करतात... करायचे. या गाड्यांचे पार्ट आता मिळत नाहीत, म्हणून लॅचच्या झिजलेल्या दातावर पितळ चढवायचं आणि कानशीनं घासून त्याला परत आकार द्यायचा.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, घरातली पहिली ग्रॅज्युएट. गॅरेजवर कोणी आलं की बाबा आधी "ही आमची इंजिनिअर" म्हणून माझी ओळख करून देतात, मग गाडीकडे बघतात. सुट्टीच्या दिवशी मी तिथेच असते.

गेल्या महिन्यात नेरूळचे नजीरभाई त्यांच्या अब्बांची हिरवी गाडी घेऊन आले. त्यांच्या अम्मी बसतात त्या बाजूचं दार नीट लागत नव्हतं. बाबांनी लॅच काढलं, पितळ चढवलं, घासलं आणि जेवायला गावात घरी गेले.

मी सहज जाडी मोजायला व्हर्निअर लावून बघितला. वरचा दात बरोबर, खालचा अर्धा मिलिमीटर जाड... बाबांचा चष्म्याचा नंबर नुकताच वाढला होता, हातही अधूनमधून थरथरतो. मला वाटलं, चुकले बाबा.

नजीरभाईंसमोर बाबांची चूक काढायची नव्हती. म्हणून बाबा यायच्या आत मीच खालचा दात घासून दोन्ही सारखे केले आणि लॅच बसवून टाकलं. खरंच सांगते, त्यांचा मान राहावा म्हणूनच केलं.

बाबा आले तेव्हा नजीरभाई निघायच्या घाईत होते. बाबांनी दाराकडे हात नेला... दार दोन बोटांनी लावायचं, कान द्यायचा आणि दोनदा 'टक' ऐकू आलं तरच गाडी सोडायची, अशी त्यांची पद्धत. मी म्हटलं, "बाबा, मी लावून बघितलंय."

"तू बघितलास ना? मंग झाला." त्यांनी हात मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी पाम बीच रोडच्या वळणावर ते दार चालत्या गाडीत उघडलं. अम्मी बाहेर पडता पडता वाचल्या... पण सावरताना त्यांचं मनगट मोडलं.

नजीरभाई आले ते भांडायला नाही. तेच जास्त वाईट होतं. लॅच बाबांच्या हातात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, राग नाही माझा. पण वय झालं आता तुमचं. बस करा."

बाबांनी लॅच उजेडात धरलं. त्यांची कानस सरळ चालते, माझी तिरकी. दातावरचे तिरके ओरखडे त्यांनी बघितले, मग एकदाच माझ्याकडे बघितलं.

"हात थरथरला माजा, भाई. माफ करा."

आणि मी... शाळा-कॉलेजात प्रत्येक स्पर्धेत सत्यावर भाषणं ठोकलेली मी... फडक्यानं कानस पुसत उभी राहिले.

संध्याकाळी घरी ते एवढंच म्हणाले, "दार खाली बसलाय त्या गाडीचा. म्हनून खालचा दात जाडा ठेवलेला. मना इचारायचास ना, पोरी." परत तो विषय नाही.

जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बाबाही त्यात आहेत. नजीरभाईंनी तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, मिस्त्रींचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, दुसरं कोणीतरी बघा. बाबांना इंग्रजी येत नाही, ग्रुपवरचं मीच त्यांना वाचून दाखवते. ते मात्र वाचून दाखवलं नाही... पण फोन यायचे बंद झाले, ते त्यांना कळत होतंच.

मग एके दिवशी त्यांनी सगळ्या कानशींना तेल लावलं, कापडात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. आता गॅरेज उघडून नुसते बसतात. कोणी आलंच तर शेजारच्या गॅरेजकडे पाठवतात.

परवा रविवारी मी नेरूळला गेले. दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगून टाकलं. नजीरभाई वळून अम्मींकडे बघायला लागले. अम्मी मात्र हसल्या. "आगो, हात माजा मोडला, नि काम त्यानं बंद केलान?"

मग त्यांचं हसू गेलं. "त्याला कललेला, तू केलास ता?"

"हो."

"नि तरी तुला काय बोलला नाय?"

"नाही."

प्लास्टरमधला हात त्यांनी मांडीवर ओढून घेतला. "लय महागात पडलीस गो तू त्याला."

निघताना नजीरभाई म्हणाले, "मी टाकतो ग्रुपवर, गैरसमज झाला होता म्हणून. तुझं नाव कशाला हवंय त्यात?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना थोडं हलकं वाटेल. ते घाबरले. "बरोबर बोलतान भाई. तुजा नाव नको. माजा काय, झाला सगला. तुजा आता चालू व्हायचा हाय."

दोन दिवस विचार केला. 'गैरसमज' म्हटलं की चूक कोणाचीच उरत नाही... आणि लोकांच्या मनात बाबांचा हात थरथरतच राहतो. ते परत कानस हातात घेतील की नाही, मला माहीत नाही. त्यांनी माझ्यासाठी जे केलं, त्याचे आभार कसे मानायचे तेही कळत नाही.

आज सकाळी बाबांच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं. मिस्त्रींचं काम बरोबर होतं, त्यांना न विचारता दात मी घासला, आणि नंतर गप्प बसले. खाली माझं पूर्ण नाव टाकलं, त्यापुढे डिग्रीही लिहिली, आणि पाठवून दिलं.