दसऱ्याला पुजलेला डुलता घोडा

रंधा मारलेल्या मेपलच्या लाकडाला एक गोडसर, किंचित दुधाळ वास येतो. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या गॅरेजमध्ये तो वास सारा उन्हाळा दरवळत होता, आणि आज त्याची नुसती आठवणही माझा संताप वाढवते आहे. म्हणून प्रथम घटनाक्रम नोंदवतो. सप्टेंबरअखेरचा रविवार: मुलांच्या मराठी वर्गासाठी मी केलेला लाकडी डुलता घोडा इथल्या मराठी मंडळाच्या स्वाधीन. दसऱ्याचा कार्यक्रम: घोड्याची पूजा. त्यापुढचा रविवार: डुलू नये म्हणून घोड्याखाली दोन पाचरी आणि गळ्यात ‘हात लावू नये’ अशी पाटी. जबाबदार व्यक्ती: आज्ञा देणारे अध्यक्ष, पाटी लिहिणारे सचिव, आणि माना डोलावणारी उरलेली कार्यकारिणी. डोलण्याचा हक्क तेवढा तिने स्वतःकडे राखून ठेवला!

साताऱ्याच्या न्यायालयात हयात घालवून मी मुलाकडे इथे आलो. हाताला काम नव्हते, आणि नात इरा घरात ज्याच्यावर म्हणून बसता येईल त्याचा घोडा करत होती; सोफ्याचा, उशीचा, माझा. तेव्हा ठरवले की हिला आणि हिच्या वर्गातल्या मुलांना एक खरा घोडा द्यायचा. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, लोक गॅरेजमध्ये गाडी ठेवतात. तुम्ही तबेला काढलात!” मी म्हणालो, “तुझी गाडी पावसात भिजली तर हट्ट करत नाही.”

घोड्याची मान, पाठ, पाय हे सारे चिकाटीने जमते. कस लागतो तो पायांखालच्या दोन वक्र पट्ट्यांपाशी. एक खिळा, त्याला बांधलेली सुतळी आणि सुतळीच्या टोकाला पेन्सिल, एवढ्या साधनांनी मी तो वक्र आखला. सुतळी आखूड धरली तर घोडा उसळतो आणि मूल मागे कलंडते. फार लांब धरली तर तो म्हशीसारखा जागचा हलत नाही. कितीदा आखले, कितीदा पुसले! आणि एका दुपारी दोन्ही पट्ट्या जमिनीला टेकून एकाच लयीत डुलल्या, तेव्हा ध्यानात आले की या खेळण्याचे मर्म त्याच्या परतण्यात आहे. चाकांची गाडी मुलाला आपल्यापासून दूर नेते. हा घोडा मात्र पुढे झेपावतो आणि झेपावल्याक्षणी मागे येतो. आरोहीला सारे जग हिंडवतो आणि आईच्या हाताच्या अंतरावर ठेवतो. मुलांना दूरदेशी पाठवून त्यांच्या मागोमाग आलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना याहून सुंदर प्रवास कोणता वाटावा?

मंडळ दर रविवारी चर्चचे तळघर भाड्याने घेते. दसऱ्याचा कार्यक्रमही तिथेच झाला. पाटीपूजन झाले, आणि मग एका काकूंना कोपऱ्यात उभा असलेला घोडा दिसला. दसरा, आणि घोडा! त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिले, दुसरीने झेंडूची माळ घातली, तिसरीने ओवाळले. मीही हात जोडले. दृश्य होतेच तसे प्रसन्न. पण प्रसन्नतेचा असा निकाल लागेल हे कोणाला ठाऊक होते?

जाब विचारला तेव्हा अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, “काका, तुम्हीच सांगा, आता पूजा झालीये. पोरं बूट घालून त्याच्यावर बसणार? आणि कुणी पडलं नि मंडळाला स्यू केलं तर?”

वकिलीत एक गोष्ट शिकलो: जो दोन कारणे देतो, त्याला त्यातले एकही पुरेसे वाटत नसते. पडण्याची भीती असेल तर बाजूला सतरंजी अंथरा, एक मोठे माणूस उभे करा. मी स्वतः उभा राहीन. आणि पावित्र्य? अध्यक्षमहाराज, त्याच सायंकाळी पार्किंगमध्ये आपल्या मोटारीलाही झेंडूची माळ होती, तिच्यावरही कुंकवाचे बोट होते. आपण बूट घालूनच तीत बसलात आणि घरी गेलात. वाहनाची पूजा ते नीट चालावे म्हणून करतात, हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. मग नियम मोटारीला एक आणि घोड्याला दुसरा का? शिवाय कोणी विचारलेच नाही म्हणून सांगतो: ज्या कानांवर काकूंनी हळदकुंकू वाहिले, ते कान माझ्या झिजलेल्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचे आहेत. चपलेने ज्याचे पावित्र्य ढळले नाही, ते चार वर्षांच्या पावलांनी ढळेल?

गेल्या रविवारी इरा त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग माझा हात ओढून हळूच म्हणाली, “आजोबा, इज ही सिक?” मी म्हणालो, “नाही गं, बरा आहे तो.” “देन व्हाय इज ही नॉट मूव्हिंग?” उभ्या आयुष्यात इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही न्यायाधीशाने विचारला नव्हता. उन्हाळ्यात तिची पावले जमिनीपासून बोटभर वर लोंबत होती. आता ती जवळजवळ टेकतील. पुढच्या दसऱ्याला तिचे गुडघे हनुवटीला लागतील. घोडा थांबू शकतो, मेपलचे लाकूड आहे. पण त्याच्यावर बसणारे थांबत नाहीत. बालपणाला मुदतवाढ देणारे न्यायालय ना साताऱ्यात आहे, ना न्यू जर्सीत.

पाचरी मी स्वतः काढू शकलो असतो. माझ्याच हातोडीने, दोन घावांत. परंतु घोडा मंडळाला दिला आहे, आणि दिलेल्या वस्तूवर मी परत हात टाकणार नाही. म्हणून जाहीर मागणी करतो. संक्रांतीच्या संमेलनात अध्यक्षांनी व्यासपीठावरून खाली यावे, मुलांच्या सतरंजीसमोर उभे राहावे आणि सर्वांसमक्ष सांगावे की हा घोडा कोणासाठी आहे. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही. ज्यांना ते हवे आहे, त्यांना अजून वाचता येत नाही.