आईला लाथ

"थुंक तिच्यावर," बाईने लेकराला सांगितले. "आईला लाथ मारली हिनं. म्हणून साप झाली."

लेकरू थुंकले. थुंकी माझ्या गालावर पडली. पुसता आली नाही. हात चादरीखाली लपवायचे, असा मालकाचा हुकूम होता.

सेलूची जत्रा. तंबूवर पाटी, 'नागकन्या'. मी सतरा वर्षांची. जन्मतःच मला दोन्ही पाय नाहीत. कमरेखाली मालक भुसा भरलेली कापडी शेपटी बांधायचा. लांबी साडेपाच हात. दिवसाला चाळीस खेळ. प्रत्येक खेळात तो भोंग्यावर विचारायचा, "आईला लाथ मारलीस का न्हाई?" मी मान डोलवायची. चार वर्षे डोलवली.

माझी आई तंबूमागे सगळ्यांच्या भाकरी थापायची. याच आईने मला पाठीवर नेऊन चौथीपर्यंत शिकवले. भोंगा तिलाही ऐकू जायचा. चाळीस वेळा. एकदाच तिने विचारले, "तू मान हालवतीस का गं?" मी खाली पाहिले.

त्या बाईसमोर मालकाने पुन्हा विचारले. मी मान हलवली नाही. त्याने दरडावून विचारले. मी चादर फेकली, शेपटीची नाडी सोडली.

"ओ बाई, मला पायच न्हाईत. जन्मापासून. लाथ कशानं मारली, सांगा."

मागून कोणीतरी ओरडले, "ए मालक, पैसे वापस दे!" बाई लेकराला ओढत निघून गेली. मालकाने माझ्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आई पिठाच्या हातांनी आत आली होती. तिने त्याला ढकलले आणि मला पाठीवर घेतले.

आज मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. पाथरीत शिवणकाम करते. नवरा आहे, दोन मुली आहेत. आई गेली. मालकही गेला. त्याचा मुलगा तोच तंबू फिरवतो. आत दुसरी पोर. प्रश्न तोच.

मी तीनचाकीवरून जाते. तिकीट काढते. पुढे बसते. त्याने प्रश्न विचारला की उत्तर मी देते, लुगडे वर करून, सगळ्यांना दाखवून. पाच जत्रांत पाच वेळा तंबू उतरला. त्या पोरीसाठी घरी एक मशीन रिकामी ठेवली आहे.

परवा त्याचा निरोप आला, "मावशी, जुनं इसरा. माफी मागतो."

माग. माझ्या आईचे नाव घेऊन माग. भोंग्यावर. दिवसाला चाळीस वेळा, चार वर्षे. तोवर पुढची जागा माझी.