सायंशाखेची डोकी

ताई तिशी उलटल्यावर कॉलेजात गेली. त्याआधी चौदा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बाह्यांच्या कडा बंद करत होती. या काळात तिने तीन सुपरवायझरना काम शिकवलं. तिघेही तिच्याहून लहान, तिघेही पदवीधर, आणि पहिल्या आठवड्यात तिघांनाही मशीनमध्ये दोरा ओवता येत नव्हता. चौथ्याला शिकवण्यापेक्षा आपणच चौथं व्हावं, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने सायंशाखेत नाव घातलं.

"पदवी घेऊन शिलाई काय जास्त सरळ येणार आहे?" सासूबाईंनी विचारलं. विचारलं खरं, पण संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी न बोलता आपल्याकडे घेतला.

सायंशाखा सहा ते नऊ भरायची. वर्ग एकच, त्यात एकसष्ट जण. बेकरीतला भट्टीवाला, पेट्रोल पंपावरचा पोरगा, रुग्णालयातली आया, एक रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, असे सगळे दिवसभर राबून आलेले. वयाने मोठी म्हणून ती सगळ्यांची ताई झाली. हजेरीत तिचं खरं नाव पुकारलं की ही कोण, म्हणून वर्ग इकडेतिकडे पाहायचा.

दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं आणि फलकावर नोटीस लागली. पुरेशी मागणी नसल्याने सायंशाखा वर्षअखेरीस बंद करण्याचा प्रस्ताव आहे. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांनी सकाळच्या वर्गात यावं. ताईचं एकच वर्ष राहिलं होतं, आणि सकाळी ती मशीनवर असायची.

तिच्या मदतीला धावला तो दिवसाच्या शाखेतला एक विद्यार्थी. सभेत त्याला माईक लागत नसे, म्हणून त्याचंच नाव माईक पडलं होतं.

"ताई, दबाव आणू या. तुम्ही तुमच्या सह्या आणा, बाकीचं मी बघतो."

ताईने दोन संध्याकाळींत अठ्ठावन्न सह्या आणल्या. माईकने दिवसाच्या पोरांच्या सातशे आणल्या. गठ्ठा घेऊन दोघं प्राचार्यांकडे गेली. ताईने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली. प्राचार्यांनी चहा मागवला, सगळी पानं चाळली.

"सह्या काय, कोणीही करतं. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासाठी याहून जास्त झाल्या होत्या. मला माणसं दाखवा. सोमवारी अकराला व्यवस्थापन मंडळाची बैठक आहे. सायंशाखेची निम्मी डोकी जरी अंगणात दिसली, तरी प्रस्ताव मागे घ्यायला मी स्वतः सांगेन."

"सहाला चालेल का, सर?"

"ऑफिस पाचला बंद होतं, बाई."

बाहेर येताच माईक म्हणाला, "जिंकलो समजा!" ताई मनात हिशेब करत होती. एकतीस डोकी हवी होती, आणि त्यातल्या प्रत्येकावर अकरा वाजता कोणा ना कोणा मालकाची मालकी होती.

रविवारी ती एकेकाच्या कामावर गेली. भट्टीवाला पिठाचे हात जोडून म्हणाला, "जीव गेला तरी येतो." पंपावरच्याने पाळी बदलून घेईन म्हणून सांगितलं. आयाने तिला वॉर्डच्या जिन्याखाली ओढलं.

"हळू बोला, ताई. इथं कोणाला ठाऊक नाही मी शिकते ते. मी सांगितलंय, संध्याकाळी आईकडे जाते."

"दीड वर्ष?"

"आई फार आजारी आहे म्हटलंय."

"आणि खरी कशी आहे?"

"खरी जाऊन सहा वर्षं झाली."

दोघी हसल्या. मग आया म्हणाली, "येईन मी. काहीतरी सांगेन."

चाळीस जणांनी शब्द दिला.

सोमवारी अकरा वाजता अंगण गच्च भरलं. दोनशे पोरं होती आणि माईकचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. प्राचार्य मंडळाच्या दोघा सदस्यांना घेऊन खाली आले आणि शांतपणे म्हणाले, "सायंशाखेचे असतील त्यांनी हात वर करा."

ताईने हात वर केला. रात्रपाळी करून आलेल्या सुरक्षारक्षकाने केला. पंपावरच्याने केला, त्याला वीस मिनिटांची सुटी मिळाली होती आणि तो गणवेशातच पळत आला होता. आणखी एक हात वर गेला, तो आदल्या आठवड्यात नोकरी सुटलेल्या एकाचा. चौघं.

तेवढ्यात तासाची घंटा झाली. दिवसाच्या पोरांचं प्रात्यक्षिक होतं, त्याला गैरहजेरी चालत नव्हती. अंगण रिकामं होत गेलं. माईक एकेकाला दंडाला धरून थांबवत होता आणि लोक दंड सोडवून घेत होते.

"मी तरी काय करू, बाई?" प्राचार्य म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. "मागणी दिसायला तर हवी."

"दिसते, सर. सहाला या."

"सहाला मी घरी असतो."

बारापर्यंत ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी सहाला वर्ग भरला. भट्टीवाला दारातूनच म्हणाला, "निघालोच होतो, ताई. दुसरी खेप भट्टीत गेली आणि मालक दारात येऊन बसला." आया तिच्याकडे न पाहता बसली. प्राध्यापकांनी हजेरी घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकोणसाठ. दीड वर्षात एवढी कधीच नव्हती."

ताईने हजेरीचं ते पान वहीच्या एका सुट्या कागदावर उतरवून घेतलं. मधल्या सुटीत ती खाली ऑफिसकडे गेली. दाराला कुलूप होतं. तिने तो कागद दाराखालच्या फटीतून आत सरकवला. तो अर्धा आत गेला आणि जाजमाला अडला. थोडा वेळ तिने तो ढकलून पाहिला, मग तसाच सोडला. सकाळी झाडणारा तो कुठे टाकेल, हे तिला ठाऊक होतं.

मंगळवारी ती मशीनवर बसली, तेव्हा तिसरा सुपरवायझर रजेचं रजिस्टर घेऊन आला.

"काल कुठे होता, ताई? कारण लिहायचंय."

"आईकडे."

"बरं नाही का त्यांना?"

"नाही."

"मग, होतील ना बऱ्या?"

ताईने बाही सुईखाली सरकवली.

"नाही वाटत," ती म्हणाली.