अढीचा पाय

सलाइनमधून सोडलेलं औषध दंडापर्यंत चढतं, तशा श्रीधर गुरवांच्या पापण्या जड होतात. गेल्या महिन्यात मल्लखांबावरून निसटलेल्या पोरीला झेलताना त्यांचा उजवा खांदा निखळला, चौथ्यांदा. आता पायातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून तिनं खांदा बांधायचा आहे. "कुठल्या पायातली घेऊ?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं. श्रीधर भिडेखातर म्हणाले, "कुठल्याही." आता उजव्या पायावर निळा बाण आहे. डोळे मिटले तरी तो दिसतोच.

खाटेशी नाना टिळेकर उभे आहेत. श्रीधरांना मल्लखांब शिकवला तो नानांनी. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.

"निजलास काय रे, आळशा? चढ!"

"नाना, ऑपरेशन आहे."

"मग? चढ."

सलाइनचा दांडा जाड होत छताला टेकतो, एरंडेल चोळलेल्या मल्लखांबासारखा चकाकतो. फरशीची माती होते. भिंतीकडेला पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसली आहेत, अंगात हॉस्पिटलचे हिरवे अंगरखे. श्रीधर चढतात, अढी घालतात, पायांनी खांबाला मिठी मारून हात सोडतात. मिठी सुटते. ते घसरत मातीत येतात. एकही पोर हसत नाही, याचीच त्यांना धास्ती वाटते.

"का सुटली? सांग पोरांना."

"उजव्या पायात जोर नाही, नाना."

"आणि तुझी अढी कुठल्या पायावर?"

"उजव्याच."

"तरी कुठलाही म्हणालास? पाय म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी?"

"एवढे मोठे डॉक्टर. त्यांना मी काय शिकवणार?"

"पायातलं त्यांना ठाऊक. अढीतलं कोण सांगणार? अढी गेली की तुझी तालीम गेली, श्रीधरा."

खांब बारीक होऊ लागतो. पोरं एकेक करून उठून जातात. श्रीधर हाक मारतात, आवाज फुटत नाही. नाना वाकतात आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यामागे अंगठा रुतेल एवढा दाबतात. "इथली घ्या म्हणावं."

"काका, निघायचं." स्ट्रेचर हलतं. डोक्यावरून दिवे सरकतात.

"थांबा!" श्रीधर ओरडतात. "डॉक्टरांना बोलवा. चुकलं माझं. उजवा नको, डावा घ्या."

"अहो, आता?" सिस्टर वैतागते. तरी चादर सारून डावा पाय बघते, गुडघ्यामागे बोट फिरवते, बोट नाकाशी नेते.

"सकाळी मी स्वतः स्पिरिटनं पुसला होता हा पाय," ती म्हणते. "इथं एरंडेलाचा अंगठा कुणी उठवला?"