सीडीवरचा तास

रिफ्रेशर कोर्स केल्याशिवाय वरची वेतनश्रेणी नाही, असा नियम असल्यामुळे आमच्या पेशातली माणसं दर काही वर्षांनी सक्तीनं ताजीतवानी होत असतात. वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहणाऱ्यांना विद्यापीठ पुन्हा बाकावर बसवतं, दोन वेळा चहा देतं आणि शेवटी प्रमाणपत्र. माझी पाळी आली तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. सदाशिव पेठेत टायपिंगच्या क्लासवर संगणकाच्या पाट्या चढल्या होत्या आणि आमची मुलं पदवी हातात पडायच्या आधीच हिंजवडीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असायची.

मी अर्थशास्त्र शिकवायची. पहिल्या वर्षाचा वर्ग, खच्चून भरलेला, आणि माइक नाही. माइक मागणं मला कमीपणाचं वाटे. आवाजाचा मला गर्व होता, अगदी चारचौघांत मिरवण्याइतका. शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणारे सर म्हणत, "तुमच्या कृपेनं आमच्या मुलांचंही अर्थशास्त्र पक्कं झालंय."

त्या रिफ्रेशरमध्ये नवं खूळ होतं. प्रत्येकानं आपला एक तास कॅमेऱ्यापुढे घ्यायचा आणि त्याची सीडी करून कॉलेजला न्यायची. शिकवायला आलेला प्रशिक्षक आयटीतली नोकरी सोडून आलेला तरुण होता. तो म्हणाला, "मॅडम, सिम्पल आहे. कॅमेऱ्यात बघायचं, कंटिन्यू बोलायचं, पॉज नाही घ्यायचा. समोर क्लास नाहीये."

समोर वर्ग नाही, हे मला कळत होतं. माझ्या जिभेला कळत नव्हतं. प्रश्न विचारायचा, थांबायचं, उत्तर आलं की शाब्बास म्हणायचं, नाही आलं तर शेवटच्या बाकावर कोणाला तरी पकडायचं, ही माझी शिकवण्याची रीत. ती खोली जाड पडद्यांनी बंद केलेली होती. भिंतींना स्पंज लावलेला. बोललेला शब्द तोंडातून निघाला की तिथेच संपायचा, परत यायचाच नाही. आपला आवाज भिंतीवरून परत येतो, त्याच्या आधारावर आपण बोलत असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. डोळ्यांवर झगझगीत दिवे होते आणि दिव्यांपलीकडे सगळा अंधार.

विषय होता पर्यायी वस्तू. चहा महागला की लोक कॉफीकडे वळतात, हा आमचा जुनाच दाखला. मी विचारलं, "चहा महागला. लोक काय पितील?" आणि सवयीनं थांबले. मग म्हणाले, "शाब्बास."

तास संपत आला तेव्हा मला दिव्यांपलीकडे, दाराजवळच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय असं वाटलं. बाई होती. मान खाली, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला. स्कूटरवरून येणाऱ्या आमच्या मुली वर्गातही तसाच ठेवत आणि मी रोज त्यावरून बोलायची. तोंडातून आपोआप निघालं, "शेवटच्या बाकावरच्या बाईसाहेब, हो, तुम्हालाच विचारतेय. वर्गात आलात, आता तो स्कार्फ सोडा. सांगा, स्वस्तातली पर्यायी वस्तू हाताशी आली, की मूळ वस्तूचं काय होतं? उभ्या राहा." थांबले. "मोठ्यानं बोला, आवाज येत नाही." पुन्हा थांबले. "बसा. पुढे जाऊ या."

दिवे मालवले तेव्हा खुर्ची रिकामी होती. प्रशिक्षकानं विचारलं, "मॅडम, तिकडे कोण होतं?"

"कोणी नाही. सवय."

"ते कट करतो मी नंतर."

त्यानं काही कट केलं नाही. पुण्यात 'नंतर' म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. सीडी विभागप्रमुखांच्या कपाटात गेली, माझी वेतनश्रेणी वर गेली आणि मी ती खोली विसरून गेले.

पुढच्याच हिवाळ्यात माझा आवाज बसला. आधी सर्दी वाटली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग एके दिवशी तास घेताना वाक्याच्या मध्येच आवाज तुटला आणि पुढचे शब्द नुसतेच वाऱ्यासारखे बाहेर पडले. मुलांना वाटलं, मी गंमत करतेय. काहीजण हसलेसुद्धा.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. शिक्षकांना होतात म्हणाले, गवयांना होतात आणि भाजीवाल्यांना होतात. "बाई, संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो. गळा झाकून ठेवा." आवाज परत येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बघू." मी फी दिली आणि घरी जाताना पाटी-पेन्सिल विकत घेतली.

मौनाचे दिवस विचित्र होते. मी पाटीवर लिहून दाखवायची. नवरा चांगला धडधाकट बोलू शकत असताना माझ्याशी खाणाखुणा करायला लागला. मंडईत मी मेथीच्या जुडीकडे बोट दाखवलं तर भाजीवाली शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "बहिरी हाय बिचारी, जरा बरी जुडी दे." लोकांना न बोलणारी व्यक्ती दिसतही नाही, असं हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं. रांगेत माझ्यापुढे माणसं घुसायची. रिक्षावाले थांबायचे नाहीत.

कॉलेजात विभागप्रमुखांना भेटले. ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, "आपण अजिबात काळजी करू नका. आपला तास बुडत नाहीये. तुमची ती सीडी लावतो आम्ही. नवा प्रोजेक्टर आलाच आहे, तपासणी समिती यायच्या आत वापरात दिसायला हवा." मग जरा चाचरत म्हणाले, "आणि समजा, सत्र संपेपर्यंत नाहीच जमलं, तर ग्रंथालयात एक जागा आहे. शांत काम आहे."

शांत काम. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. मला वर्ग हवा होता. दुसरं काही मला येत नव्हतं आणि नकोही होतं.

बाहेर आले आणि जिन्यातच पाय थांबले. वरच्या मजल्यावरून माझा आवाज येत होता. खणखणीत, गाठी नसलेला. "चहा महागला. लोक काय पितील?"

मग सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, "कॉफी!"

"शाब्बास," मी वरून म्हणाले.

मुलं हसली, गप्प झाली, पुढचं ऐकायला लागली. त्या स्पंजच्या खोलीत मी ज्या उत्तरासाठी थांबले होते, ते आत्ता आलं होतं, आणि शाब्बासकी आधीच देऊन झाली होती. इतिहासाचे सर भेटले. म्हणाले, "मुलं आवडीनं बसतात हो. सीडीतल्या तुम्ही रागावून वर्गाबाहेर काढत नाही ना." नेहमीचाच चिमटा होता, पण मला तो सहन झाला नाही.

त्यानंतर सीडी तीच तीच लागत राहिली. दुसरी नव्हतीच. मुलांना थांबण्याच्या जागा पाठ झाल्या. घरी स्वयंपाक करताना माझे ओठ आपोआप त्या वाक्यांवर हलायचे आणि मी हातानं तोंड दाबून धरायची. मला भीती वाटत होती, की आवाज एकदा दुसरीकडे राहायला गेला, तो आता इकडे कशाला येईल?

सत्र संपायच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, गाठी विरल्यात, हळूहळू बोलून बघा. घरी आरशापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "चहा." चिरका, पण आवाज निघाला. "चहा महागला." मी रडले. त्याच दिवशी साडी बदलून, गळ्याभोवती स्कार्फ नीट गुंडाळून कॉलेजात गेले. मनाशी ठरवलं होतं, तास चालू असताना आत जायचं, उभं राहायचं आणि म्हणायचं, बंद करा ते, मी आलेय. तेवढं एक वाक्य बोलले की ग्रंथालयाची गोष्ट कायमची मिटणार होती.

वर्गात अंधार केला होता. विभागप्रमुख पुढे प्रोजेक्टरपाशी उभे होते, त्यांनी मान हलवून मला बसायला सुचवलं. जागा एकच होती, दाराजवळ, शेवटच्या बाकावर. प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांवर आला म्हणून मी मान खाली घातली.

पडद्यावरची मी बोलत होते. तिची साडी, तिचं ठसक्यात हात उडवणं, सगळं माझं होतं आणि मला ती बाई अजिबात आवडली नाही. मी तिच्या थांबण्याची वाट पाहत होते. तिनं मान वर केली. प्रशिक्षकानं सांगूनही तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं नव्हतं. ती सरळ दाराकडे पाहत होती.

"शेवटच्या बाकावरच्या बाईसाहेब, हो, तुम्हालाच विचारतेय. वर्गात आलात, आता तो स्कार्फ सोडा."

मुलांनी सवयीनं हसत मागे वळून पाहिलं. एरवी तो बाक रिकामा असायचा. आज तिथे मी होते आणि हसणं एकेक करत थांबलं.

"सांगा, स्वस्तातली पर्यायी वस्तू हाताशी आली, की मूळ वस्तूचं काय होतं? उभ्या राहा."

मी उभी राहिले. बंद करा ते, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला. पुन्हा जोर लावला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"मोठ्यानं बोला, आवाज येत नाही."

मी स्कार्फ सोडला. दोन्ही हातांनी बाक धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

"बसा. पुढे जाऊ या," मी पडद्यावरून म्हणाले, आणि मी बसले.